‘डॉक्टर, हे इन्सुलिनच ना?’

या वेळी दमा आणि संधिवातवाल्या वाचकांची माफी मागते. पत्रं उघडली तर निम्म्याहून जास्त एकाच विषयावरची निघाली. कुणी ‘आठवड्याचं इंजेक्शन’ लिहिलंय, कुणी ‘वजनाचं पेन’. मिरजेच्या एका आजोबांनी तर सरळ ‘ते भूक मारायचं औषध’ असं म्हटलंय. आजोबांचा शब्द मला सगळ्यांत पटला. म्हणून आजचं सगळं सदर त्या औषधाला, म्हणजे सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड आणि त्यांच्या भावंडांना. एवढंच ध्यानात ठेवा, की पत्र वाचून कुणाचा डोस ठरवता येत नाही. तो तुमच्या डॉक्टरांनी, तुम्हाला समोर बसवून ठरवायचा.

मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. वय ५२, मधुमेह ९ वर्षांपासून. वजन ८४ किलो, उंची ५ फूट २ इंच. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि विल्डाग्लिप्टिन या गोळ्या चालू आहेत, तरी तीन महिन्यांची सरासरी ८.६ आली. डॉक्टर आता आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुचवताहेत. हे इन्सुलिनच ना? एकदा लागलं की सुटत नाही म्हणतात. भीती वाटते.
– एक वाचक, इचलकरंजी

नाही ताई, इन्सुलिन नाही. पण तुमचा गोंधळ रास्त आहे. पेन तसंच दिसतं, सुई तशीच, फ्रिजमधली जागासुद्धा तीच.

समजा तुम्हाला आज ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं, आणि उद्या तुमची शुगर नेमकी तेवढीच चढेल असं बघून ग्लुकोज शिरेतून सोडलं. रक्तातली साखर दोन्ही दिवशी सारखी. तरी प्यायल्यावर स्वादुपिंड कितीतरी जास्त इन्सुलिन सोडतं. १९६४ साली हे प्रयोगांत दिसलं आणि डॉक्टर मंडळी चक्रावली. स्वादुपिंडाला कळतं कसं, की साखर तोंडावाटे आली? तर आतडं वर्दी देतं. अन्न आत आलं की आतड्यातून दोन संप्रेरकं सुटतात, जीआयपी आणि जीएलपी-१. त्यातलं जीएलपी-१ फार कामाचं. स्वादुपिंडाला म्हणतं, शुगर चढतेय, इन्सुलिन सोड. यकृतातली साखर बाहेर काढणाऱ्या ग्लुकॅगॉनला म्हणतं, तू गप्प बस. जठराला म्हणतं, दमाने घे, सगळं एकदम खाली ढकलू नकोस. आणि मेंदूला म्हणतं, पुरे झालं, पान उचला.

मधुमेहात ही वर्दी क्षीण होते. बाहेरून द्यावं म्हटलं, तर हे संप्रेरक रक्तात दोन मिनिटंसुद्धा नीट टिकत नाही. डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याचा तुकडा पाडतं. तुमची विल्डाग्लिप्टिनची गोळी काय करते माहीत आहे? त्या एन्झाइमचे हात धरून ठेवते, म्हणजे तुमच्याच अंगातलं जीएलपी-१ जरा जास्त वेळ टिकतं. तेव्हा ताई, या औषधाशी तुमची जुनी ओळख आहे, फक्त नाव माहीत नव्हतं. आणि म्हणूनच इंजेक्शन सुरू झालं की ग्लिप्टिनची गोळी बहुतेक बंद होते. इंजेक्शनातला नकलाकार, म्हणजे जीएलपी-१ ची नक्कल करणारा रेणू, त्या एन्झाइमला दाद देत नाही, मग एन्झाइमचे हात धरायला वेगळी गोळी कशाला? नव्या चिठ्ठीत दोन्ही दिसली तर विचारा. डॉक्टर रागावणार नाहीत. रागावले तर रागावू देत.

हा नकलाकार सापडला कुठे, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा असतो, आपल्या घोरपडीहून बुटका आणि गलेलठ्ठ. वर्षाकाठी मोजक्या वेळा जेवतो. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात डॉ. जॉन एंग यांनी त्याच्या विषात एक रेणू शोधला. ते १९९२ साल. तो रेणू आपल्या जीएलपी-१ सारखाच वागत होता आणि तासन् तास टिकत होता. त्याची प्रयोगशाळेत बनवलेली प्रत म्हणजे एक्झेनाटाइड. अमेरिकेत २००५ साली मान्यता मिळाली, दिवसातून दोनदा टोचायचं. पुढे माणसाच्याच जीएलपी-१ मध्ये थोडा फेरफार करून रोज एकदा घ्यायचं लिराग्लुटाइड आलं, मग आठवड्यातून एकदाचं सेमाग्लुटाइड. सेमाग्लुटाइडला चरबीच्या आम्लाची एक शेपटी जोडलेली असते. ती रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला धरून राहते, म्हणून दोन मिनिटांचं काम आठवडाभर चालतं. टिर्झेपाटाइड हे त्यांतलं नवं, ते जीआयपी आणि जीएलपी-१ दोघांचीही नक्कल करतं.

आता तुमच्या ग्लिमेपिराइडच्या गोळीबद्दल, आणि इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे. हे इंजेक्शन शुगर चढलेली असेल तेव्हाच इन्सुलिन सोडायला लावतं, त्यामुळे एकट्याने ते शुगर फारशी खाली पाडत नाही. ग्लिमेपिराइडला तेवढा पोच नाही. तुम्ही जेवा, न जेवा, ते स्वादुपिंडाला पिळत राहतं. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त कंडक्टरांना मी लिराग्लुटाइड सुरू केलं आणि ग्लिमेपिराइड कमी करायचं चिठ्ठीवर लिहायचं विसरले. चौथ्या दिवशी त्यांचं जेवण दोन भाकरींवरून अर्ध्यावर आलं. गोळी मात्र पूर्वीचीच. अकराच्या सुमाराला घाम, हातपाय थरथर, आणि बायकोचं नावसुद्धा आठवेना. मुलीने घरातल्या मशीनवर बघितलं तर ५४. साखरपाणी पाजलं, अर्ध्या तासात माणूस भानावर आला आणि मला फोनवर म्हणाला, “मॅडम, तिकीट तुम्ही दिलंत, स्टॉप सांगायला विसरलात.” तेव्हापासून मी ग्लिमेपिराइडवर लाल पेनने गोल करते. तुमच्याही डॉक्टरांना ही गोळी कमी करायची का, हे पहिल्या दिवशीच विचारा.

दुसरं, डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. नऊ वर्षांचा मधुमेह आहे आणि सरासरी ८.६. पडद्यावर आधीच खराबी असेल आणि शुगर भराभर उतरली, तर सुरुवातीला ती खराबी वाढू शकते. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत हे दिसलंय. तपासणीला अर्धा दिवस जातो, डोळ्यांत थेंब घातल्यावर स्कूटर चालवता येत नाही, एवढाच त्रास.

पहिले चार आठवडे अगदी छोटा डोस असतो, सेमाग्लुटाइडचा ०.२५ मिलिग्रॅम. तो शुगरसाठी नसतोच, पोटाची समजूत काढण्यासाठी असतो. तरी मळमळेल. करपट ढेकर, बद्धकोष्ठता, क्वचित उलटी. तेलकट खाल्लंत तर जास्त. पोट भरल्याची खूण आता लवकर येईल. ती आली की ताटात राहिलं तरी उठायचं. ‘अन्न टाकू नये’ हा संस्कार इथे फार नडतो, म्हणून आधीच कमी वाढून घ्या. पोटात न थांबणारी कळ आली आणि ती पाठीकडे गेली, तर मात्र इनोवर भागवू नका. स्वादुपिंडाला सूज किंवा पित्ताशयात खडे, दोन्ही शक्यता असतात. त्याच दिवशी दाखवा. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल, तर हे औषध घ्यायचंच नाही. पहिल्या भेटीत सांगा.

भूक कमी होते म्हणजे काय होतं, हे मला पुस्तकापेक्षा सांगलीतल्या एका फरसाणवाल्याने नीट सांगितलं. दिवसभर गल्ल्यावर बसून त्याचा हात शेवेच्या परातीत असायचा. तिसऱ्या महिन्यात येऊन म्हणाला, “डॉक्टर, आज रात्री हिशोब करताना लक्षात आलं, भडंग तोंडात टाकायचा राहूनच गेला. ठरवून नाही हं. आठवणच झाली नाही.” त्याची इच्छाशक्ती आधीही काही कमी नव्हती. चाळीस वर्षं दुकान चालवणाऱ्याला आळशी कोण म्हणेल? त्याच्या मेंदूला ‘पुरे’चा निरोप पोचत नव्हता.

मी सेमाग्लुटाइडची रोजची गोळी तीन महिने घेतोय. सकाळी उठल्याउठल्या चहाबरोबर. शुगर जैसे थे. गोळी नकली असेल का?
– एक वाचक, ठाणे

गोळीवर संशय घेण्याआधी चहावर घ्या. हे औषध प्रथिनासारखंच, पोटात गेलं की पचून जायचं. ते जठराच्या अस्तरातून आत शिरावं म्हणून गोळीत एक मदतनीस रसायन घातलेलं असतं. तरीही गिळलेल्यातला जेमतेम एक टक्का रक्तात पोचतो, कधी त्याहून कमी. शंभर रुपये पाठवले आणि घरी एक रुपया मिळाला, अशी गत. त्यातही तुम्ही चहा-दूध ओतलंत तर तो रुपयाही गेला. गोळी अगदी रिकाम्या पोटी, अर्धा कप साध्या पाण्याबरोबर घ्यायची, १२० मिलिलिटरच्या वर पाणी नाही. तोडायची नाही, चावायची नाही. नंतर निदान अर्धा तास चहा नाही, बिस्किट नाही, बीपीची गोळी नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तीही सकाळी उपाशीपोटीच असते, दोघींच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि चहाशिवाय तो अर्धा तास निघत नसेल, तर गजर पहाटेचा लावा. गोळी घ्या, पुन्हा झोपा. माझे दोन पेशंट असंच करतात.

वय २९, उंची ५ फूट ९, वजन ८१. चार महिन्यांनी लग्न आहे. १२ किलो उतरवायचेत. जिमच्या ट्रेनरने पेन आणून देतो म्हटलंय, प्रिस्क्रिप्शन लागणार नाही. घेऊ का?
– एक वाचक, पुणे

नको.

तुम्ही हिशोबी दिसता, म्हणून हिशोब सांगते. वजनासाठीच्या सेमाग्लुटाइडचा डोस दर चार आठवड्यांनी एक पायरी चढवतात. पूर्ण डोसावर पोचायलाच सोळा आठवडे लागतात. म्हणजे तुम्ही शेवटची पायरी चढाल तेव्हा भटजी ‘सावधान’ म्हणत असतील. ज्या चाचणीत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, ती ६८ आठवड्यांची होती. त्यातल्या लोकांनी औषध थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. लग्नाचा अल्बम बारीक आणि पहिला दिवाळसण पुन्हा जाड, असा हा सौदा. औषधाच्या माहितीपत्रकात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३० किंवा त्याच्या वर, नाहीतर २७ किंवा त्याच्या वर आणि सोबत बीपी-शुगरसारखा आजार, अशी मर्यादा आहे. तुमचा २६.४.

ट्रेनरच्या पेनाबद्दल मला जास्त काळजी वाटते. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला होता. बनावट पेनात दुसरंच काहीतरी भरलेलं निघतं, इन्सुलिनसुद्धा असू शकतं. मधुमेह नसलेल्या माणसाने ते टोचलं तर काय होईल, ते वरच्या कंडक्टरांना विचारा.

वय ४४, वजन ६१, अंगकाठी बारीक. तरी मधुमेह. गेल्या चार महिन्यांत न ठरवता चार किलो उतरलो. बहीण न्यू जर्सीत असते, इंजेक्शनाने तिची शुगर आणि वजन दोन्ही आटोक्यात आलं. ती येताना माझ्यासाठी पेनं आणणार आहे. घेऊन ठेवू का?
– एक वाचक, नाशिक

तुमच्या पत्रातलं ‘तरी’ मला महत्त्वाचं वाटलं. बारीक माणसाला मधुमेह कसा, हा प्रश्न पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर धरून ठेवला. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय तंतोतंत एक, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. इंग्रजीत दोघांच्या आडनावाचं आद्याक्षर ‘वाय’, म्हणून त्याला ‘वाय-वाय’ विरोधाभास म्हणतात. वजनकाटा आपल्या लोकांच्या बाबतीत किती खोटं बोलतो, हे त्या एका फोटोइतकं मला अजून कुठे सोपं करून सांगता आलेलं नाही. मी तो दवाखान्यात टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. तेव्हा बारीक दिसूनही पोटात चरबी आणि तिच्यामुळे मधुमेह, हे शक्य आहे.

पण तुमची गोष्ट वेगळी वाटते. न ठरवता चार किलो उतरणं हे मला आवडलेलं नाही. कदाचित तुमचं स्वादुपिंड इन्सुलिनच पुरेसं बनवत नसेल. काहींना टाइप १ मधुमेह चाळिशीतही होतो आणि सुरुवातीला तो टाइप २ म्हणून खपून जातो. अशा माणसाला हे इंजेक्शन दिलं तर भूक मरते, वजन आणखी उतरतं, आणि ज्याची खरी गरज आहे ते इन्सुलिन मिळायला उशीर होतो. रिकाम्या गोदामाला ‘माल सोडा’ म्हणून कितीही निरोप धाडले तरी काय सुटणार? सी-पेप्टाइड आणि जीएडी अँटिबॉडी या दोन रक्ततपासण्यांबद्दल डॉक्टरांशी या आठवड्यातच बोला. ताईला म्हणावं, येताना पेनं नको. तिची चिठ्ठी तिच्या अंगाची आहे.

माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या. सात महिन्यांपूर्वी आठवड्याचं इंजेक्शन सुरू झालं. शुगर छान आहे, वजन ६६ वरून ५७ झालं. सगळे कौतुक करतात. पण त्या आता चतकोर पोळीत उठतात, जमिनीवर बसल्या तर हात दिल्याशिवाय उभ्या राहता येत नाही. त्यात एकादशी, चतुर्थी, सोमवार चालूच. बोललं तर म्हणतात, भूकच नाही तर उपासाचा त्रास कुठे होतो.
– एक सूनबाई, नागपूर

कौतुक करणाऱ्यांनी काटा बघितला, तुम्ही सासूबाई बघितल्या. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही. या औषधांच्या चाचण्यांत, गेलेल्या वजनातला साधारण पंचवीस ते चाळीस टक्के भाग चरबीव्यतिरिक्तचा निघाला, आणि त्यात स्नायू आले. तिशीतल्या बाईला ते परवडतं. सत्तरीत स्नायू गेला की तो परत मिळवणं महाकठीण, आणि पुढची पायरी म्हणजे न्हाणीघरात पडणं. त्यांना हात छातीशी घडी घालून खुर्चीवरून उठायला सांगा. पाच वेळा, हाताचा आधार न घेता. जमत नसेल, तर तेवढंच डॉक्टरांना जाऊन सांगा. डोस कमी करायचा की थांबवायचा, हा विचार आता व्हायलाच हवा. शुगर छान आहे म्हणजे सगळं छान, असं या वयात धरून चालत नाही.

आता जेवण. भूक इतकी थोडी उरली असेल तर ती पोळीवर खर्च करू नये. ताटातला क्रम उलटा करा. आधी वरण, तेही डावाने वरवरचं पाणी नको, तळातलं घट्ट. मग उसळ किंवा पिठलं, दही, खात असतील तर अंडं. पोळी-भात राहिलं तर राहिलं. मूत्रपिंडं ठीक असतील तर त्यांना दिवसाला साधारण साठ ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात. बेरीज करून बघा, साठ गाठताना दमछाक होते. म्हणून दिवसातून तीनदा नाही, पाचदा द्या, थोडंथोडं.

उपासाबद्दल मी सासूबाईंशी भांडणार नाही. माझी आईसुद्धा ऐकायची नाही. पण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. उपासाचं म्हणून जे चालतं त्यातलंच निवडा: दाण्याची आमटी, राजगिरा, दूध, ताक. निर्जळी मात्र बंद. या औषधात तहानही मंदावल्यासारखी होते, त्यात उलटी-जुलाब झाले आणि बीपीची गोळी चालू असली तर मूत्रपिंडांवर ताण येतो. देवाचं नाव घेऊन घोट घोट ताक प्यायचं. आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल, तर उपासाच्या दिवशीचा त्यांचा डोस डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा, फ्रिजवर चिकटवा.

एक राहिलं. त्यांचं मोतीबिंदूचं किंवा दुसरं कसलं ऑपरेशन ठरलं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या इंजेक्शनाबद्दल आधी सांगा. जठर हळू रिकामं होतं, त्यामुळे रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न सापडू शकतं.

वय ५८, मधुमेह आहे, गेल्या वर्षी हार्ट अटॅक आला. डॉक्टर इंजेक्शन घ्या म्हणतात. माझ्या मागांचं उत्पन्न तुम्हाला काय सांगू. सहा महिने घेऊन कोर्स पुरा केला तर नाही का चालणार?
– एक वाचक, सोलापूर

‘कोर्स’ हा शब्द अँटिबायोटिकचा. हे औषध आहे तोवर निरोप आहे. थांबलं की भूक आणि शुगर आपापल्या जागी परत. बीपीच्या गोळीसारखं समजा.

खर्चाचं खरं सांगायचं तर, टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा अडीच मिलिग्रॅमची एक कुपी ३,५०० रुपयांना होती आणि पाचची ४,३७५ ला. कुपी आठवड्याला एक. म्हणजे महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार. सेमाग्लुटाइडच्या मूळ रेणूचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं. पेटंट संपलं की आपल्या कंपन्या काय करतात, हे ग्लिप्टिनच्या वेळी आपण पाहिलंय, किमती धाडकन खाली आल्या. म्हणून जुन्या आकड्यावर जाऊ नका, औषधाच्या दुकानात आजचा भाव विचारा.

तुमच्या हृदयासाठी फायदा किती? मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या ९,३४० जणांवर लिराग्लुटाइडची चाचणी झाली, २०१६ साली निकाल आला. साडेतीन-चार वर्षांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू, हे दर शंभरांत साधारण पंधरा जणांना होत होतं, ते तेरांवर आलं. फायदा खरा आहे, आणि तो एवढाच आहे. मुलीची फी थांबवून किंवा हातउसने पैसे काढून तो घ्यावा असं मी तुम्हाला सांगणार नाही. कोलेस्टेरॉलची गोळी, अ‍ॅस्पिरिन, बीपीचं औषध एकही दिवस चुकवू नका. तंबाखू असेल तर आज सोडा. मूत्रपिंड साथ देत असतील तर डापाग्लिफ्लोझिनबद्दल विचारा. पेटंट संपल्यापासून ती गोळी स्वस्त झालीय आणि हृदय-मूत्रपिंडांना तिचाही उपयोग आहे. एवढं करून परवडलं, तर इंजेक्शन. “मला महिन्याला इतकेच झेपतात” हे वाक्य डॉक्टरांसमोर बोलायला लाजू नका. आम्हाला ते कळलं नाही की आम्ही आपले लिहीत सुटतो.

गणपतीत दहा दिवस गावी असते. लाइट कधी जाईल नेम नाही. पेन कुठे ठेवू?
– एक वाचक, देवगड

न उघडलेलं पेन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. बर्फाच्या कप्प्यात नाही, त्याला चिकटूनही नाही. एकदा गोठलं की फेकायचंच, वितळवून वापरायचं नाही. सेमाग्लुटाइडचं मधुमेहाचं पेन एकदा वापरायला काढलं की ३० अंशांखाली ५६ दिवस राहतं. टिर्झेपाटाइडची कुपी फ्रिजबाहेर ३० अंशांखाली २१ दिवस. इतर ब्रँडचे आकडे वेगळे, खोक्यातल्या घडी घातलेल्या कागदावर असतात. म्हणजे दहा दिवसांची तुम्हाला चिंता नाही, चिंता एसटीच्या खिडकीतल्या उन्हाची. पेन कपड्यांच्या मध्ये गुंडाळून पिशवीच्या पोटात ठेवा.

आणि घरी फार उकडत असेल तर माठ. डबी घट्ट झाकणाची, ती प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी अर्ध्या भरलेल्या माठात पाण्याला न टेकेल अशी लटकवायची. माझ्या वडिलांचं इन्सुलिन आमच्याकडे फ्रिज येईपर्यंत असंच राहिलं, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, वर ओलं फडकं टाकून. आईने त्या माठावर खडूने फुली मारली होती, आणि उन्हाळ्यात पाहुणे कितीही आले तरी त्यातलं पाणी तिने कुणाला दिलं नाही.